लाल फडक्याखालची घागर

अक्कोरे,

तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, आणि मी तुमच्यावर घेतलेला संशय त्याहून कितीतरी जुना आहे. तो मी नववीत असताना घेतला आणि गेल्या वर्षापर्यंत नीट जपून ठेवला. मधल्या काळात मी तुमच्याच हाताखाली पळाले, तुमच्यामुळे कॉलेजच्या संघात गेले, विद्यापीठाकडून खेळले, पुढे तुमच्यासारखीच गळ्यात शिट्टी अडकवून तीस वर्षं मुलींना खो-खो शिकवला, आणि आता निवृत्त होऊन हुबळीतच गोकुळ रोडला राहते. हे सगळं माझ्या अक्कोरूंमुळे, असं मी निरोप समारंभात माइकवर म्हणालेसुद्धा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र टाळ्या संपेपर्यंत मनात तेच जुनं उगाळत होते: मी संघात आले ती माझ्या पायांमुळे, की त्या घागरीमुळे?

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. रिक्षावाल्याने नेहमीची वाट सोडली की आजही मी पुढची दांडी घट्ट धरून बसते. हे मला वारशाने मिळालं. जुन्या हुबळीत आमचं भांड्यांचं दुकान आणि वर दोन खोल्यांचं घर. लोक जुनी भांडी मोडीत घालायला आणायचे. अप्पा आधी भांड्याकडे बघायचेच नाहीत, नुसती टिचकी मारायचे. ठणठणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं की कुठेतरी भोकाला कथलाचा डाक लावलेला असणार, मग ते भांडं उन्हात धरून तो डाक सापडेपर्यंत फिरवत राहायचे. मला शेजारी बसवून म्हणायचे, "चिंच लावून लखलखीत करून आणलेलं भांडं दिसलं की दोनदा वाजवून बघ. काहीतरी झाकायचं असल्याबिगर एवढं कोण घासत न्हाई." नव्या भांड्यांवर नाव घालायचं कामही तेच करायचे. लग्नाकार्यात भांडी एकमेकांत जाऊ नयेत म्हणून सगळेच नाव घालून घेत. बाजारात यंत्रावर नाव घालून देणारे आले तरी अप्पांनी छिन्नी आणि हातोडी सोडली नाही. ठिपक्याला ठिपका लावत ते अक्षर काढायचे, आणि प्रत्येक अक्षराचा पहिला ठिपका जरा जास्तच खोल जायचा. बोट फिरवलं की तिथे टोचायचं. आई हसायची, "तुमचं अक्षर आंधळ्यालाबी वळखू येईल." मी नववीत होते, दिवाळी आठ-दहा दिवसांवर आलेली, आणि एका दुपारी दुकानात बसल्या जागीच ते गेले. छिन्नी हातातच होती, असं काका सांगायचे.

त्यानंतर जो तो आमच्याशी गोड बोलायला लागला. शेजारणी डबे आणायच्या, काका रोज संध्याकाळी वर येऊन आईला "वहिनी, काळजी करू नका" म्हणायचे. मला त्या सगळ्यांत चिंचेचा वास यायचा. काका दुकान गिळणार, शेजारणीला आमची मागची खोली हवी आहे, असं मी चौदा वर्षांच्या डोक्याने ठरवून टाकलं होतं. पुढे काकांनी तीस वर्षं दुकान चालवलं आणि आमच्या ताटात कधी काही कमी पडू दिलं नाही. पण त्यांना मी एकदाही मोकळेपणाने चहा करून दिला नाही, हे आता लिहायला हरकत नाही.

अशातच, तेरावा होऊन चार-पाच दिवस झाले असतील, तुम्ही आलात. शाळेत बाकीच्या सगळ्या 'बाई', तुम्ही एकट्या कन्नडातल्या बाई, 'अक्कोरू', कारण तुमचं मराठी दर दोन वाक्यांनी कन्नडात जाऊन यायचं. पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि बुटांना लाल माती. धारवाडच्या मळमड्डीहून रोज बसने हुबळीला येणाऱ्या तुम्ही एकट्याच. आमची माती काळी, त्यामुळे तुम्ही कुठून आलात ते पायांवरूनच कळायचं. मी जिन्यात बसलेली. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला नाहीत, अरेरे म्हणाला नाहीत. म्हणालात, "ए तंगी, पोरी, उद्यापास्नं शाळा सुटली की ग्राउंडवर यायचं."

"मला खेळता येत नाही."

"न्हाई येत, ते ठाऊक हाय मला. बा, ये म्हटलं की यायचं."

मग तुम्ही आईशी आत काहीतरी बोललात. मला ऐकू आलं नाही. आई दुकानात उतरली आणि एक नवी कोरी पितळी घागर घेऊन वर आली. तिने ती पदराने पुसली आणि तुमच्या हातात दिली. तुम्ही ती घेतलीत, एकदा या डोळ्याला लावलीत, एकदा त्या डोळ्याला, जसं देवळातून आणलेलं काही लावतात तसं. मग वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून, काखेत धरून जिना उतरलात. मी हे सगळं वरच्या पायरीवरून पाहिलं. मला वाटलं, कळलं. आईने पोरीला सांभाळा म्हणून भांडं दिलं, आणि अक्कोरूंनी ते डोळ्यांना लावून घेतलं. माणूस काहीही फुकट करत नाही, एवढं मला त्या वयातही पाठ होतं.

तरीही मी दुसऱ्या दिवशी आले, कारण घरात आईच्या गप्प बसण्यापेक्षा मैदान बरं. तुम्ही मला पळायला नाही, बसायला लावलंत. पाटीवर, उकिडवं, बसलेल्या मुलींच्या रांगेत. माझ्यासारख्या मुलीला याच्याएवढी शिक्षा नाही. तोंड एकीकडे, खेळ पाठीमागून येणार, आणि कुणीतरी पाठीवर हात मारून "खो" म्हणेपर्यंत हलायचं नाही. मी सारखी वळून बघायची. आता आपल्यालाच मिळणार असं वाटायचं आणि मी आधीच उठायची. शिट्टी. पुन्हा बसायची, पुन्हा उठायची. शिट्टी. तुम्ही लांबून ओरडायचात, "खो मिळाला का तुला? याक, का उठलीस मग?" पंधरा दिवस हेच. मला वाटलं, घागर घेतली आहे म्हणून हाकलता येत नाही, आणि येत तर काहीच नाही, म्हणून बसवून ठेवलंय.

मग एक दिवस तुम्ही मला उठवून पळणाऱ्यांच्या तुकडीत टाकलंत. का ते सांगितलं नाहीत. मी पळायला लागले आणि पहिल्याच डावात मला एक गोष्ट समजली, जी त्या मैदानावर बाकी कुणालाच समजत नव्हती. पाठलाग करणारी मुलगी डोळ्यांनी एकीकडे दाखवते, पण तिचा खांदा दुसरीकडे वळलेला असतो. आरडाओरडा या पाटीवर करते आणि खो त्या पाटीला देते. सगळ्या मुली हुलीला फसायच्या, मी फसत नसे, कारण मी कुणावर विश्वास ठेवतच नव्हते. बसलेल्या आठही जणींवर माझा सारखाच संशय. डाव संपल्यावर तुम्ही मला बाजूला घेतलंत. तुमच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो आधी तुम्ही मला दिलात. "हे जे तुझ्या डोस्क्यात हाय न्हवं," तुम्ही म्हणालात, "ते हितं वापर. पाटीवर. घरात न्हाई. घरात वापरलंस तर वाळून जाशील बघ." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या या दुर्गुणाचं काहीतरी करता येईल असं म्हणत होतं. मला आनंद झाला, आणि लगेच वाटलं, हे गोड कशाला बोलल्या?

खरं सांगते, पळताना मला अप्पांची आठवण येत नसे. सात मिनिटांच्या डावात जग म्हणजे दोन खांब आणि मधल्या आठ पाठी. छातीत कळ यायची, तोंडाला लोखंडाची चव यायची, आणि त्या वेळात कुणी मेलेलं नसायचं. म्हणून मला पळायची ओढ लागली. सकाळी उठताना, संध्याकाळी मैदानावर जायचंय, एवढ्या एका गोष्टीवर मी अंथरूण सोडायची. घरी परत येताना मात्र, आपण तासभर अप्पांना विसरलो होतो, याची मला लाज वाटायची. जिना चढायच्या आधी मी मुद्दाम त्यांची आठवण काढून चेहरा नीट करून घ्यायची.

उन्हाळ्याच्या आधी आपल्या शाळेने आंतरशालेय सामने भरवले. संघात माझं नाव आलं आणि दहावीतली एक चांगली खेळणारी मुलगी राखीव बसली. तिचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर, घरात पाच भावंडं, त्यांच्याकडून तुम्हाला काही आलेलं नसणार. ती माझ्याशी हसून बोलली. मला तेसुद्धा खुपलं. तरी मैदानात उतरले की मी सगळं विसरायची, आणि अंतिम सामन्यात मी धारवाडच्या संघाला चार मिनिटांवर दमवलं. त्यांच्या मुली शेवटी माझ्यामागे यायच्याच थांबल्या, दुसऱ्या दोघींना बाद करून मग माझ्याकडे वळायच्या. मुली ओरडत होत्या, तुम्ही मात्र हाताची घडी घालून खांबाशी उभ्या. मी हसत होते, अक्कोरे. अप्पा गेल्यापासून पहिल्यांदा मी दात दाखवून हसत होते, हे मला कुणीतरी नंतर सांगितलं.

बक्षीस समारंभाचं टेबल अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. सगळीकडे स्टीलचे पेले आणि ताटल्या. आमच्याकडे तेव्हा बक्षीस म्हणजे भांडंच असायचं. आणि मधोमध एक पितळी घागर, गळ्याखाली लाल फडकं करकचून गुंडाळलेलं, तोंडावर नारळ. पंचांनी उत्कृष्ट धावपटू म्हणून माझं नाव पुकारलं. तुम्ही स्वतः घागर उचलून माझ्यासमोर आलात. तुमचे डोळे भरलेले होते, आणि नेमकं तेच मला आवडलं नाही. बाकीच्यांना पेले आणि मला एकटीलाच घागर का? मी घागर हातात घेतली, वाकडी केली, नारळ खाली पडला. बुडाला आमच्या दुकानाचा ठसा. मग काय राहिलं? आईने दिलेलं भांडं आईच्याच पोरीला बक्षीस म्हणून परत, म्हणजे घेतल्याचं पापही फिटलं आणि पोरगीही खूश. मी सगळ्या शाळांच्या शिक्षकांसमोर मोठ्याने म्हणाले, "ही आमचीच आहे. माझ्या आईनं तुम्हाला दिलेली. मला संघात घ्यावं म्हणून." आणि घागर तुमच्या पायांशी ठेवून खाली उतरले.

तुम्ही वाकून नारळ उचललात, मग घागर. हेडमास्तरांनी तुम्हाला आत बोलावलं, दार बराच वेळ बंद होतं. मी भिंतीला टेकून वाट बघत होते की आता तुम्ही येऊन मला मारणार, किंवा रडणार, किंवा काहीतरी खोटं सांगणार. तुम्ही बाहेर आलात, माझ्याजवळ थांबलात आणि इतकंच म्हणालात, "पुन्हा खो मिळायच्या आधी उठलीस." आणि बसच्या दिशेने चालायला लागलात. सोमवारी शाळा सुटल्यावर शिट्टी वाजली, मी रांगेत होते, आणि तुम्ही माझ्याशी काल-परवा काही घडलंच नाही अशा वागलात. पुढच्या सामन्यांत बक्षिसांचं काम तुमच्याकडे राहिलं नाही, ते चित्रकलेच्या सरांकडे गेलं. शिक्षकांच्या खोलीत काय काय बोललं गेलं असेल ते मला आता शिक्षक होऊन नीट कळतं. आईला मी घागरीचं काहीच सांगितलं नाही. संघाला ढाल मिळाली, एवढंच सांगितलं. ती वर्षभर उंबऱ्याबाहेर पडत नव्हती, तिला दुसरीकडून कळण्याचाही प्रश्न नव्हता.

गेल्या वर्षी जुन्या हुबळीतलं घर सोडून आई माझ्याकडे राहायला आली. ऐंशीच्या वर गेली आहे, पण बाजारात अजून तिला कुणी फसवत नाही. भांडी काढली, कुठली ठेवायची आणि कुठली मोडीत घालायची याचे दोन ढीग केले. मी म्हटलं, अप्पांच्या हातचं नाव असलेली सगळी ठेवू. आई स्टुलावर बसून एकेका नावावर बोट फिरवत म्हणाली, "त्यांच्या हातची शेवटची घागर तर शाळेला गेली की ग."

"कुठल्या शाळेला?"

"तुझ्याच. अक्कोरूंनी बक्षिसाची म्हणून सांगितलेली. तिच्यावरच नाव घालत बसलेले, आणि तिथंच गेले. अर्धंच झालेलं. काका म्हणाले, यंत्रावर पुरं करून आणतो. अक्कोरू न्यायला आल्या, त्या म्हणाल्या बेड, नको, हाय तशीच द्या. डोळ्यांना लावून नेली बाईनं. कुणाच्या पोरीला मिळाली असंल कुणास ठाऊक."

माझा आईवरही विश्वास बसला नाही, हे तुम्हाला खरं वाटेल. म्हातारं माणूस, लेकीच्या सुखासाठी काहीही रचेल, असं वाटलं. पण तिला घागर कुणाला मिळाली हेच माहीत नव्हतं, मग रचेल कशासाठी? रात्री आडवी झाले आणि डोळ्यांसमोर ते लाल फडकं येत राहिलं. फडकं कशाला बांधलं होतं? काय झाकलं होतं?

चार दिवसांनी मी मळमड्डीला तुमच्या घरी गेले. दार तुमच्या धाकट्या बहिणीने उघडलं. मी नाव सांगितलं, तर ती म्हणाली, "तुम्हीच का त्या! फार उशीर केलात." आणि स्टूल घेऊन कपाटावरून घागर काढली. फडकं तेच, विटून गुलाबी झालेलं. म्हणाली, हेडमास्तरांनी तेव्हा घागर दुसऱ्या मुलीला द्यायला सांगितली होती, तुम्ही नाही म्हणालात. तीन शाळांच्या पंचांनी नाव दिलंय, ती तिचीच आहे, मी सांभाळते, असं म्हणालात. दर दसऱ्याला फडकं सोडून, चिंच लावून, घासून, परत बांधून ठेवायचात. "ती सांगायची, येईल विचारायला. मी म्हणायची, तूच जाऊन सांग की. तर म्हणायची, न्हाई, तिनं खो मिळायच्या आधी उठायचं न्हाई, आणि तिनं विचारायच्या आधी मी सांगायचं न्हाई. भारी हट्टी होती."

हट्टी होतात, अक्कोरे. मीही. एवढी वर्षं आपण दोघी एकाच मैदानावर बसून एकमेकींच्या खोची वाट बघत राहिलो, आणि यात माझी चूक मोठी आहे, हे मला माहीत आहे. तुम्ही मला पहिल्या दिवशी का बोलावलंत, हे मात्र अजूनही मला कळलेलं नाही. बहिणीलाही माहीत नव्हतं.

फडक्याची गाठ मी तिथेच सोडली. गळ्याखाली ठिपक्यांची अक्षरं: 'प्रथम पारि', आणि पुढे एकच ठिपका, खोल. मी बोट फिरवलं, टोचलं. मग मी तुमच्या बहिणीच्या घरात, परक्या माणसांसमोर, अप्पांसाठी रडायचं राहिलं होतं तेवढं सगळं रडले, आणि तुमच्यासाठीही. घागर आता माझ्याकडे आहे. आईने ती तासभर मांडीवरून खाली ठेवली नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून घडी करून घागरीतच टाकून ठेवणार आहे.

एक मात्र बहिणीला सांगायचं धाडस झालं नाही, ते तुम्हाला सांगते. ती चहा आणायला आत गेली, तेव्हा फडकं सोडायच्या आधी मी घागरीला टिचकी मारून बघितली. फारच लखलखीत होती, म्हणून दोनदा.